बजेट आमच्या गल्लीत आलं तेव्हा

गल्लीत बजेट येणार म्हणून आदल्या दिवशी मला अख्खी गल्ली झाडून सडा टाकावा लागला. मी एकटी न्हाई, सगळ्या बाया. पण सगळ्यात जास्त शेण माझ्या हाताला लागलं, कारण आमच्या घरात पुरुष माणूस न्हाई. आमचे हे पुण्याला कंपनीत, आणि घरात मी अन् आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या उदगीरकडं सासूला आत्याबाईच म्हणतात, आणि बिदरला सून होऊन आले तरी जिभेचं वळण काय बदलत न्हाई.

झालं असं होतं की, त्या वर्षी नगरसभेच्या डोक्यात एक नवं खूळ शिरलं. दरवर्षी बजेट आपलं हापिसात बसून करायचे. यंदा म्हणे लोकांना विचारून करायचं. साहेब लोक गल्लोगल्ली जाणार, माणसं गोळा करणार, आणि तुम्हाला काय पाहिजे ते विचारून लिहून घेणार. आमच्या मैलूर भागात रिक्षा फिरली भोंगा लावून. आधी कन्नडमध्ये, मग दखनीत, आणि शेवटी अशा मराठीत की ऐकून माझे मास्तर ढसाढसा रडले असते.

गल्लीतले थोरले अप्पा ओसरीवरून उठून रिक्षाला आडवे गेले. अप्पा म्हणजे आमच्या गल्लीचे न निवडलेले अध्यक्ष. बारसं असो की मयत, पुढं धोतराचा सोगा त्यांचाच. त्यांनी भोंगेवाल्याला विचारलं, "किती माणसं हायत बजेटसंगं? जेवून जाणार का चावर भागंल?"

हसू नका. आमच्याकडं दारात कोण येणार म्हटलं की पहिला प्रश्न हाच असतो.

आता मला या बजेटचं एवढं का पडलं होतं ते सांगते. आमचं घर नाल्याच्या पलीकडं. गल्ली अलीकडं, मधी उघडा नाला, आणि पलीकडं आमचं घर अन् मागं पडीक जागा. येण्याजाण्याला एक शहाबादी फरशी टाकलेली होती, तिचा एक कोपरा फुटलेला, शेवाळानं हिरवीगार. आदल्या पावसाळ्यात आत्याबाई त्या फरशीवरून घसरल्या आणि कमरेइतक्या नाल्यात गेल्या. पाय मोडला. प्लास्टर झालं, निघालं, हाड जुळलं. पण पाय बरा झाला, धीर न्हाई झाला. फरशीपाशी जायच्या, एक पाय पुढं टाकायच्या, आणि परत फिरायच्या. तेव्हापासून ती बाई उंबऱ्यात बसून.

कुणी बसायची गोष्ट करावी, तर त्या बाईनं नव्हे. माहेर औरादकडचं, चिंताकीच्या अंगाला. माहेरी मेंढरं. परकर नेसायच्या वयात दिवसभर मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेली. लग्नानंतर मेंढरं गेली, शेती आली, मग शेती बी गेली अन् बिदर आलं. पण पायातलं हिंडणं काय गेलं न्हाई. सकाळी भाकर खाल्ली की निघायच्या. कुणाच्या घरी लोणचं कसं मुरलंय, कुणाच्या पोरीला पाहुणे आले, कुणाची म्हैस व्यायला झाली, सगळ्याची पाहणी करून मगच जेवायला परत.

आता ती सगळी पाहणी उंबऱ्यातून चालायची. म्हणजे ओरडून. "अगं ए, त्या उजनीच्या स्थळाचं काय झालं?" असं नाल्यापलीकडून ओरडायच्या, आणि बिचाऱ्या पोरीची आई लाजत लाजत तेवढ्याच जोरात ओरडायची, "न्हाई जमलं! पोरगं ठेंगू हाय!" सगळ्या गल्लीची गुपितं नाल्यावरून ये-जा करायची. म्हातारी तेवढी अडकलेली. दुपारी भाकरीचा तुकडा मोडत म्हणायच्या, "मेंढराला बी असं डांबत न्हाईत गं." मग मी माझी भाकर तशीच झाकून ठेवायचे.

आम्ही काय हात बांधून बसलो न्हवतो. ह्यांनी दिवाळीला येऊन दोन नव्या फरशा टाकल्या. महिन्याभरात नाला साफ करायला नगरसभेचं मशीन आलं आणि नाल्यातल्या गाळासंगं त्या बी उचलून घेऊन गेलं. मी विचारायला गेले तर तिथले लोक म्हणाले, नाला सरकारी हाय, त्याच्यावर खासगी काय टाकायचं न्हाई. स्लॅब पाहिजे तर बजेटमधी यायला पाहिजे. बरं, बजेट कुठं राहतं? तर हापिसात. आणि आता तेच बजेट आपल्या पायानं गल्लीत येणार होतं! मी मनात पक्कं ठरवलं, साहेब आला की उभी राहणार आणि स्लॅब मागणार. दहावी पास हाय मी. घाबरते का काय.

पण आमच्या गल्लीला कामाआधी इज्जत लागते.

अप्पांनी लिंबाखाली बैठक घेतली. "पाव्हणे यायलेत," ते म्हणाले. "नाक कापायचं न्हाई." मग काय, चुना मारला, सडा घातला, रांगोळ्या काढल्या. नळाचं पाणी गढूळ येतं म्हणून पाव्हण्यांसाठी शेजारच्या गल्लीतल्या बोअरचं पाणी आणून नव्या माठात भरलं, वर वाळा टाकला. आणि मंडप? गल्लीत एकच मोकळी जागा, आमच्या घरासमोरची. म्हणजे नाल्याची.

"नाल्यावर मंडप कसा घालायचा?" मी विचारलं.

"टेंटवाले भाई हायत की," अप्पा म्हणाले.

टेंटवाले भाई आमच्याच गल्लीतले, लग्नाकार्याचे मंडप घालणारे. त्यांनी गाडीभर जाडजूड फळ्या आणल्या, नाल्यावर आडव्या अंथरल्या, त्यावर लाल जाजम, त्यावर खुर्च्या. वास दाबायला खालून पावडर मारली आणि अप्पांनी चारी कोपऱ्यांना उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे पेटवले. नाला गायब! कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "अप्पा, साहेबाला नाला दाखवायचाय, का लपवायचाय?"

"सूनबाई, तू सांग की नाल्याचं, कोण नको म्हणलंय? पर चा झाल्यावर. पाव्हणा दारात आला की लगेच रडगाणं गात असत्यात व्हय?"

माझ्या बी आईनं मला तेच शिकवलेलं.

सकाळी मी आत्याबाईंना म्हटलं, "चला, फळ्या घट्ट हायत, मी हात धरते." दारापासनं लाल जाजमावर पहिलं पाऊल टाकलं तेव्हा माझा हात त्यांनी असा आवळला की बांगड्या रुतल्या. मधोमध आल्या आणि थांबल्या. पाय आपटून बघितला. फळी हलली न्हाई. मग माझा हात सोडला आणि तरातरा पलीकडं गेल्या, परत आल्या, परत गेल्या. माझ्या डोळ्याला पाणी आलं, खोटं कशाला सांगू. सभा सुरू होईपर्यंत त्यांनी गल्लीतली घरं पालथी घातली. ठेंगू पोराची गोष्ट आता शांतपणे, मांडीला मांडी लावून झाली.

साहेब आला. तरणा, चष्मेवाला, पार बेंगळूरकडचा. मराठी तोडकीमोडकी, पण बोलायची हौस लई. अप्पांनी शाल घातली, नारळ दिला, माठातलं पाणी दिलं. साहेबानं गटागटा पिऊन "पाणी फार छान हाय इथं" म्हटलं आणि बरोबरच्या कारकुनानं ते लिहून बी घेतलं. मग चा. मग सुशीला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा तिखट प्रकार, आमच्याकडं पाहुण्याला हमखास. कोण बाई नव्हे. साहेबानं एक ताटली संपवली, अप्पांनी दुसरी भरली.

शेवटी साहेब उभा राहिला आणि हसून म्हणाला, "सांगा, तुम्हाला काय बेकु?"

सगळे अप्पांकडं बघायला लागले.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटंल आम्ही सगळे येडे. आमच्याकडं "काय पाहिजे?" असं विचारलं की पहिल्यांदा "काय नको" म्हणायचं असतं. पोटात कावळे ओरडत असले तरी "जेवलाव का?" म्हटल्यावर "व्हय, आत्ताच झालं." मग विचारणाऱ्यानं आग्रह करायचा. मग परत "नको." मग तिसऱ्यांदा हाताला धरून बसवलं की मगच खरं सांगायचं. एकदा विचारल्यावर लगेच "द्या" म्हणणारा माणूस आमच्याकडं हावरट. हे लहान लेकराला बी ठाऊक.

साहेबाला ठाऊक न्हवतं. बेंगळूरचा होता बिचारा. त्यानं एकदा विचारलं.

अप्पा हात जोडून म्हणाले, "आमचं काय न्हाई साहेब. तुमची मेहरबानी हाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. "काय न्हाई, काय न्हाई." आणि सगळे वाट बघत बसले, आता साहेब आग्रह करतो म्हणून.

साहेबानं कारकुनाला सांगितलं, "मागणी काही नाही." आणि शाल सावरली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभी राहिले. "साहेब, आमाला नाल्यावर स्लॅब पाहिजे!"

"नाला?" साहेबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. लाल जाजम, रांगोळी, उदबत्त्या. "कुठे हाय नाला?"

"तुमच्या पायाखाली."

साहेबानं बुटानं ठोकून बघितलं. टक टक. खाली वाकून जाजमाच्या कडेला बघितलं. मग माझ्याकडं असं बघितलं, जसं मी पोटभर जेवून परत ताट मागतेय. "मुच्चिदारल्ला! झाकलाय की! चांगलं केलं लोकांनी."

मी पुढं काय बोलणार तेवढ्यात पहिल्या रांगेतून आत्याबाई उठल्या. त्यांच्या तोंडावर असा आनंद की विचारू नका. दोन्ही हात साहेबाच्या तोंडावरून उतरवून कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली. "लई चांगलं केलाव बाबा! मी माझ्या पायानं आले आज. औक्षवंत हो!"

झालं! साहेबानं त्यांना वाकून नमस्कार केला, कारकुनानं कागदावर नाल्यापुढं काम झाल्याची खूण केली, आणि मंडळी पुढच्या गल्लीत निघाली. मी मागं धावले तर अप्पांनी डोळे वटारले. "सूनबाई, उठलेल्या पाव्हण्याला टोकत न्हाईत!"

"मग कवा टोकायचं? तिरडीवर पडल्यावर?" मी म्हटलं. मोठ्या माणसाला असं बोलू नये. पण बोलले.

आत्याबाई अजून अलीकडंच होत्या, कुणाशी तरी बोलत. मी जाऊन म्हटलं, "चला घरी. भाई फळ्या काढायलेत."

"काढायलेत? कामून?"

"भाड्याच्या हायत, आत्याबाई. उद्या त्यांना लग्नाचा मंडप हाय."

त्यांना आत्ता उमगलं. सकाळपासून त्या ह्याला कायमचं समजून हिंडत होत्या. तोंडावरचा आनंद असा उतरला की मला वाटलं जमिनीनं मला पोटात घ्यावं. त्यांनी एक खुर्ची उचलली, फळ्यांच्या मधोमध नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

"मी न्हाई उठत."

टेंटवाले भाई माणूस भला. हात जोडून म्हणाले, "अम्मा, उठो ना. कल शादी हे, फळ्याँ होना मेरे कू."

"ने की. मी कुठं धरलेय?"

अप्पा आले. "अक्का, असं शोभतंय का? पाव्हणे काय म्हणतील?"

"पाव्हणा गेला," आत्याबाई म्हणाल्या. "आता मी हाय. माझं बघा."

भाईंनी डोकं खाजवलं आणि काम सुरू केलं. इकडची एक फळी काढली, तिकडची एक काढली. जाजम गेलं. खुर्च्या गेल्या. हळूहळू नाला आपल्या मूळ रूपात आला, वासानं उदबत्त्यांना चारी मुंड्या चीत केलं, आणि शेवटी आत्याबाई दोनच फळ्यांवर खुर्ची टाकून बसलेल्या, खाली काळं पाणी. गल्ली सगळी दोन्ही काठाला उभी. कुणीतरी म्हटलं, "अक्का, पडाल!" त्या म्हणाल्या, "पडले की मग तरी दिसंल का नाला कुणाला?"

मी पदर खोचला आणि पळत सुटले.

पुढच्या गल्लीत काय बघते? तसाच सडा, तशाच उदबत्त्या, साहेबाच्या गळ्यात दुसरी शाल, हातात सुशीलेची भरलेली ताटली. साहेबाचं तोंड एवढंसं झालेलं. समोर लोक हात जोडून सांगत होते, "आमचं काय न्हाई साहेब."

मी गर्दीत घुसले. "साहेब, तुम्ही नमस्कार केलेली म्हातारी नाल्यावर बसलीय अन् उठायली न्हाई. चला!"

त्या गल्लीच्या लोकांना राग आला. पाव्हणा आमचा, तू कोण नेणार? पण साहेबानं ताटली अशी झटकन खाली ठेवली की मला समजलं, हा नाल्यात उडी मारायला बी तयार हाय, फक्त सुशीला नको.

आला. बघितलं. रुमाल नाकाला लावला. मगाशी आपण कशावर बसून मुरमुरे खाल्ले हे त्याच्या हळूहळू ध्यानात यायलं होतं, आणि तोंडाचा रंग बदलायला होता. मग नाल्याच्या कडेला उकिडवा बसला आणि मऊ आवाजात म्हणाला, "अज्जी, काय बेकु तुम्हाला?"

आत्याबाईंनी त्याच्याकडं बघितलं. हात जोडले. "काय नको बाबा."

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, नाल्यावर बसलेल्या बाईचं हे उत्तर! साहेब उठायला लागला, तशी मी त्याच्या कानाशी गेले. "साहेब, परत विचारा."

"काय?"

"परत विचारा हो. एकदा विचारून कोण सांगत न्हाई हितं."

त्यानं परत विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "तुमाला सुशीला दिली का कुणी?"

साहेबाचं तोंड कसनुसं झालं. "अजून एकदा," मी म्हटलं. "आणि हात पुढं करून."

साहेब एक पाय फळीवर ठेवून पुढं झाला. फळी करकरली. त्यानं हात पुढं केला. "अज्जी, सांगा ना. खरंच काय बेकु?"

आत्याबाई फळ्यांच्या फटीतून खाली बघत राहिल्या. त्या बाईनं जन्मात कुणाजवळ काय मागितलेलं मी ऐकलं न्हवतं. लुगडं फाटलं तर दंड घालायच्या, पण "नवं घे" म्हणायच्या न्हाईत. पोरगा पुण्याला जायला निघाला तेव्हा सुद्धा "जाऊ नको" म्हणाल्या न्हाईत.

"मला हिंडायचंय," त्या म्हणाल्या.

साहेबाला कळलं न्हाई. मी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"मला हिंडायचंय बाबा," त्या परत म्हणाल्या, आता मोठ्यानं. "एवढीशी होते तवापासून हिंडलेय. आता उंबऱ्यात बसून लोकायचे पाय बघायले. मला बी बाहेर जायचंय. आपल्या पायानं."

साहेबानं चष्मा काढून पुसला. मग कारकुनाच्या हातातून कागद ओढून घेतला आणि मगाची खूण स्वतः खोडली.

आणि मग आमच्या गल्लीचा बांधच फुटला. एका म्हातारीनं मागितलं म्हटल्यावर बाकीच्यांना लाज कशाची? सगळ्यात आधी कोण बोललं असंल? अप्पा! धोतर सावरत पुढं आले. "साहेब, ते पाणी बी लिवा. तुमी पेलाव ते आमचं न्हवंच, दुसऱ्या गल्लीतलं हाय. आमचं प्यायला असता तर आत्ता दवाखान्यात असता." मग कुणी दिव्याचं बोललं, कुणी कचऱ्याचं. मघाशी ज्यांचं "काय न्हाई" होतं त्यांचं इतकं काय काय निघालं की कारकून खाली मांडी घालून बसला. शेजारच्या गल्लीचे लोक साहेबाला न्यायला आले होते. ते बी उभ्या उभ्या आपलं सांगायला लागले.

भाईंनी त्या दोन फळ्या उचलल्याच न्हाईत. "रहने दो," म्हणाले. "दो फळ्याँ कम तो दुल्हा कायकू गिरता?" साहेबानं बी सांगून ठेवलं की स्लॅब होईपर्यंत या फळ्यांना मशीन लागणार न्हाई. त्या पावसाळ्यात भिजल्या, फुगल्या, काळ्या पडल्या. आत्याबाई माझा हात धरून त्यावरून अर्ध्या गल्लीपर्यंत जायच्या आणि लगेच परत फिरायच्या, कारण एकटीला त्यावरून यायची त्यांची अजून छाती होत न्हवती. स्लॅब मंजूर हाय, मंजूर हाय, असं नुसतं कानावर यायचं. माझा तर विश्वास उडत चाललेला. हे फोनवर म्हणायचे, "होईल गं." मी म्हणायचे, "तुमचं पुणं बरं, तिथून सगळं होतच असतं."

शेवटी झाला. पुढच्या वर्षीचा पाऊस सरल्यावर माणसं आली, सळया आल्या, स्लॅब पडला. पाणी मारायचं काम मी केलं, सकाळ-संध्याकाळ, कुणी सांगितलं न्हाई तरी.

वाळल्यावर पहिल्याच दिवशी सकाळी आत्याबाई भाकर खाऊन उठल्या. मी म्हटलं, थांबा, हात धुते, येते संगं. हात धुऊन बाहेर येते तर बाई न्हाई. दुपारी जेवायला आल्या न्हाईत. मी घरोघर विचारत फिरले, जिथं जाईन तिथं "आत्ता होत्या की," "आत्ताच गेल्या." ऊन कलल्यावर तोंडात जे यायला नको ते बी यायला लागलं.

दिवस मावळताना आल्या. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले, पदरात कुणीतरी दिलेल्या तुरीच्या शेंगा. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब केले आणि माझ्याकडं बघून हसल्या.

"पाय दुखायलेत गं," म्हणाल्या. "लई दिसानं दुखायलेत."